थंडीत गावाकडं जाताना : कधी निघायचं, काय न्यायचं, कसं राहायचं

दिवाळीत गाव घरी असतं, हिवाळ्यात ते रानात असतं. कापसाची वेचणी, तुरीची काढणी, हरभऱ्याला पाणी, उसाला तोड, आणि त्यातच कुणाचं तरी लग्न. मार्गशीर्ष-पौषात मराठवाड्यातल्या शेतकरी घराला पाहुण्यापाशी निवांत बसायला वेळ नसतो. तरीही पाहुण्यानं यावं असं त्यांना याच दिवसांत सगळ्यात जास्त वाटतं, कारण समोर वाढायला रान भरलेलं असतं. पुण्या-मुंबईहून जा नाही तर तालुक्याच्या गावाहून, माझं सांगणं एकच आहे. रानाचं वेळापत्रक विचारून जा आणि निदान एक रात्र तरी मुक्कामाला राहा. सकाळी अकराला पोचून चारला परत फिरणाऱ्या पाहुण्यापायी घरातल्या दोन माणसांचा रोज बुडतो आणि गप्पाही होत नाहीत.

आधी दिवस ठरवा

सोयाबीन निघून गेल्यावर आणि ज्वारी काढणीला येण्याआधी, म्हणजे साधारण डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ चांगला. या दिवसांत हुरडा असतो, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात, तुरीच्या शेंगा भरलेल्या असतात, बोरं पिकलेली असतात. मार्गशीर्षात लग्नाच्या तिथी दाट असल्या तर घरातली माणसं दर दोन दिवसांनी कुठल्या तरी मांडवात असतात. पौषात लग्नं थांबतात. नुसतं भेटायला जायचं असेल तर मी पौषच धरतो. भोगी आणि संक्रांत १३-१४ जानेवारीच्या सुमारास येतात. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि सगळ्या शेंगा-भाज्यांची मिसळ केलेली भाजी असते. पुढं रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं, त्यामुळं माहेरी जाणाऱ्या लेकींना आणि वहिन्या-काकूंना भेटायचं असेल त्यांना हा काळ सोयीचा.

लातूर, धाराशिव आणि त्यांना लागून असलेल्या बीड-नांदेडच्या भागात मार्गशीर्ष अमावस्येला येळवस, म्हणजे वेळ अमावस्या असते. त्या भागात कुणी ओळखीचं असेल तर बाकी सगळे बेत बाजूला ठेवून त्याच दिवशी जा. त्याबद्दल पुढं सविस्तर लिहिलं आहे.

बीड जिल्ह्यातल्या आणि आसपासच्या बऱ्याच गावांचं चित्र वेगळं असतं. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या नवरा-बायकोच्या जोड्या मुकादमाबरोबर कारखान्यांकडं निघून जातात. साखर हंगाम संपला की मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. त्या गावांत हिवाळाभर म्हातारी माणसं आणि शाळकरी लेकरंच घर सांभाळतात. आपला मित्र किंवा भाऊबंद तोडीला गेला असेल तर त्याला कारखान्याच्या रस्त्यावर, त्याच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, जाऊन भेटता येतं. फोन करून जायचं आणि संध्याकाळी जायचं, कारण पहाटेपासून तो उसाच्या फडात असतो. पण त्याच्या गावाकडच्या आई-वडिलांनाही हिवाळ्यातच भेटून या. त्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या किती उरल्यात ते बघा, डॉक्टरची चिठ्ठी बघून महिन्याभराच्या आणून द्या, रात्री अंगावर पुरेसं पांघरूण आहे का ते बघा. मुलांच्या शाळेत एक चक्कर मारा. या भेटीला मिठाईच्या पुड्यापेक्षा गरम स्वेटर आणि अर्धा तास जास्त बसणं मोलाचं ठरतं.

फोनवर चार गोष्टी विचारून घ्या

“यायलोय” एवढं सांगून फोन ठेवू नका. पहिलं विचारा, सध्या वेचणी चालू आहे का आणि बाया किती वाजता परत येतात. कापसाच्या पट्ट्यात सकाळी नऊनंतर दाराला कुलूप असतं. दुसरं, रानातली लाईट या आठवड्यात दिवसा आहे का रात्री. शेतीपंपाची वीज पाळीनं येते, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री. रात्रपाळी असली तर मामा किंवा चुलता रात्रभर हरभऱ्याला, गव्हाला पाणी देत असणार आणि दिवसा झोपणार. सौर पंप बसलेल्या घरांची ही धावपळ कमी झाली आहे, पण सगळ्यांकडं तो आलेला नाही. तिसरं, आठवडी बाजार कुठल्या दिवशी. बाजाराच्या दिवशी तालुक्याहून गावाला काळी-पिवळी, टमटम, ॲपे दिवसभर मिळतात. एरवी फाट्यावर तासभर थांबावं लागतं. चौथं, काही आणायचं आहे का. हे विचारलं की आधी “काही नको, तुम्ही या” असं उत्तर येतं. पुन्हा एकदा विचारा. मोटारीचं स्टार्टर, आजीचा चष्मा, ठिबकचे जॉइनर, पोराचं अभ्यासाचं पुस्तक, असं काहीतरी नक्की निघतं. तालुक्याला जाण्याचा एक हेलपाटा वाचवलात तर ते वर्षभर लक्षात राहतं.

हुरडा खायला येतो असं मोघम म्हणू नका. ज्वारीचा पेरा आता बऱ्याच ठिकाणी कमी झाला आहे आणि आपल्या पाहुण्यांकडं ज्वारी असेलच असं नाही. नसली तर ते लाजून शेजाऱ्याच्या रानातून कणसं मागून आणतात. “औंदा ज्वारी केलीय का?” असं सरळ विचारावं. नसेल तर ढाळा, म्हणजे घाट्यांसकट हिरवा हरभरा आहे, शेंगा आहेत, ऊस आहे.

निघताना

मुंबईहून निघणाऱ्या रात्रीच्या रेल्वेगाड्या मनमाडमार्गे संभाजीनगर, जालन्याला पहाटेच उतरवतात. परभणी, नांदेडला पोचेपर्यंत उजाडतं. पहाटे उतरलात तर स्टेशनात किंवा बसस्थानकातच बसा, चहा घ्या आणि उजाडल्यावर पुढं निघा. डिसेंबर-जानेवारीत सूर्य पावणेसात-सातला उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. कडक थंडीतला उघड्या रिक्षाचा पहाटेचा प्रवास लहान लेकरांना आणि दम्याच्या माणसांना बाधतो. बीडकरांना इतकी वर्षं रेल्वे नव्हती. १७ सप्टेंबर २०२५ ला अहिल्यानगर–बीड गाडी सुरू झाली, तेव्हा वेळापत्रक बघून तिचाही विचार करा.

एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि ७५ च्या पुढच्यांना राज्याच्या हद्दीत मोफत. ओळखपत्र पिशवीच्या तळाशी न ठेवता वरच्या खिशात ठेवा. मोठ्या गावाला जायचं असेल तर मुक्कामी गाडीची चौकशी करा. ती संध्याकाळी आगारातून निघते, रात्री गावात थांबते आणि सकाळी लवकर परत फिरते. हिवाळ्यात या गाडीचा फायदा असा की संध्याकाळी पोचल्यावर सगळी माणसं घरी भेटतात. परतीला मात्र पहाटे तिच्यात बसायची घाई करू नका, दुसऱ्या गाडीनं निघा.

स्वतःच्या गाडीनं जाणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, अंधार पडायच्या आत पोचा. हिवाळा म्हणजे उसाचा हंगाम. लातूर, धाराशिव, बीड, परभणी, नांदेड, जालना, कुठल्याही रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर भेटतात. उसाच्या मोळ्या बाहेर आलेल्या असतात, मागं दिवा नसतो, कधी लाल फडकंही नसतं. समोरच्या गाडीचा प्रकाश डोळ्यांवर येतो आणि ट्रॉली अगदी पुढ्यात आल्यावरच दिसते. मराठवाड्यात दर हिवाळ्यात माणसं अशानं जातात. बंद पडलेली ट्रॉली रस्त्यातच उभी असते आणि मागं दगड लावलेले असतात. ट्रॉली निघून जाते, दगड तिथंच राहतात. कापसाच्या गाड्याही रुंद भरलेल्या असतात. मांजरसुंब्याच्या घाटात आणि बालाघाटच्या चढ-उतारांवर पहाटे धुकं असतं, नदीकाठच्या सखल भागातही असतं. अशा वेळी ऊन वर येईपर्यंत थांबण्यासारखा दुसरा उपाय नाही.

दुचाकीवर जाणार असाल तर हेल्मेटखाली कानटोपी, हातात मोजे आणि जाकिटाच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवा. कागदातून वारा शिरत नाही. तासाभरानं थांबून हात चोळावेत, बोटं बधिर झाली की ब्रेक दाबला जात नाही.

आणखी एक सांगतो, ते काळ्या मातीबद्दल. रान कोरडं असेल तर पाणंद रस्त्यानं गाडी आखाड्यापर्यंत, म्हणजे रानातल्या खोपटापर्यंत जाते, नुसता फुफाटा उडतो. पण डिसेंबर-जानेवारीत अवकाळी पावसाची सर येऊन गेली असेल तर गाडी डांबरीवरच लावा. ओली काळी माती चाकाला धरते, चाक आणि मडगार्ड यांच्यात गच्च बसते आणि दहा पावलांत चाक फिरायचं थांबतं. मग काटकीनं माती उकरत बसावं लागतं. चारचाकी रुतली तर ट्रॅक्टर बोलवावा लागतो, म्हणजे कुणाचं तरी चालू काम थांबवावं लागतं.

अंगावर काय, पिशवीत काय

मराठवाड्याची थंडी कोरडी असते आणि दिवसभरात फार हेलकावे खाते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात नोंदवलेला पारा कडाक्याच्या दिवसांत ५ अंशांच्याही खाली गेलेला आहे. त्याच भागात एरवी दुपारी २८-३० अंश ऊन असतं. एकच जाड जाकीट नेलं तर दुपारी ते हातात घेऊन फिरावं लागतं. आतून सुती, वर स्वेटर आणि त्यावर शाल, असे थर बरे, एकेक करून काढता येतात. मफलर, पायमोजे, व्हॅसलीन किंवा खोबरेल हवंच. दोन दिवसांत ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात. बंद बूट न्या, रानात दव असतं आणि धसकटं टोचतात.

पांघरुणाची चिंता नको. घरात वाकळी असतात, जुन्या लुगड्या-धोतरांच्या, हाताच्या टाक्यांनी शिवलेल्या, वजनदार. पण चार-पाच जण मिळून जात असाल तर स्वतःच्या एक-दोन चादरी न्या, नाही तर घरचं माणूस आपली वाकळ तुम्हाला देतं आणि स्वतः पोत्यावर घोंगडी टाकून झोपतं. विचारलं तर “आमाला सवं हाय” म्हणतील. विचारायची वेळच येऊ देऊ नका.

भेट म्हणून काय न्यायचं? फळं, लेकरांना खाऊ, वयस्कर माणसाला कानटोपी किंवा शाल. दूध, तूप, शेंगदाणे, डाळ असलं काही नेऊ नका, ते त्यांच्या घरचंच असतं. कुणाच्या घरी दुःख झालेलं असेल तर आधी तिथं जा, रिकाम्या हाती गेलं तरी चालतं, आणि मगच बाकीच्या घरी हसत-खेळत जा.

संध्याकाळ आणि रात्र

पोचल्यावर हात-पाय धुवायला पाणी येईल, मग चहा. त्यानंतर बैठकीत एकटे बसून मोबाईल बघत राहू नका. ज्या घरात चूल आहे तिथं चुलीपाशी जा. भाकरी थापणाऱ्या मावशीशी बोलायची ती सगळ्यात चांगली जागा आहे. थंडीतलं जेवण साधं आणि तिखट असतं. बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी, पिठलं किंवा करडईची भाजी, ठेचा, जवसाची किंवा कारळाची चटणी, कोवळ्या मेथीचा किंवा हरभऱ्याच्या पाल्याचा घोळाणा. पाहुण्यासाठी पोळी-श्रीखंड करायची धडपड दिसली तर आधीच सांगा की भाकरीच करा. त्यांचं कष्ट वाचतं आणि तुम्हाला हवं तेच ताटात येतं.

जेवणानंतर दारात शेकोटी पेटते. तुराट्या-पऱ्हाट्या भरभर जळतात, बाभळीचं लाकूड टिकतं. शेकोटीला शेजारपाजारचे आपण होऊन येतात. कुणी विचारतं, “कवा आलाव? किती दिस हाव?” सगळ्या गावाला भेटायला घरोघर हिंडण्यापेक्षा इथं दोन तास बसा, निम्मं गाव भेटतं. भाव, पाणी, पोराची नोकरी, पोरीचं स्थळ, सगळं इथं निघतं. प्लास्टिक, रबर शेकोटीत टाकू देऊ नका. निखाऱ्याची शेगडी किंवा घमेलं बंद खोलीत ठेवून तर कधीच झोपू नका. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतला माणूस उठतच नाही. खोली गरम करायचीच असेल तर झोपण्याआधी शेगडी बाहेर काढा आणि खिडकीची फट उघडी ठेवा.

रात्री लाईटची पाळी असेल आणि तब्येत साथ देत असेल तर घरधन्याबरोबर रानात जा. बॅटरी आणि बूट लागतात. तो बारं मोडून पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात घेतो, तुम्ही बांधावर उभं राहून नुसती बॅटरी धरली तरी त्याला सोबत होते. थंडीच्या रात्री पाण्यात उभं राहून पीक जगवणं किती अवघड आहे ते तिथं उभं राहिल्यावरच कळतं. त्याच्या स्टार्टरच्या पेटीला, उघड्या वायरींना मात्र ओल्या हातानं शिवू नका. कडब्याच्या गंजीत, दगडांच्या ढिगात हात घालू नका. थंडीतही साप-विंचू उबेला बसलेले असतात. काही झालंच तर १०८ ला फोन करा आणि मांत्रिकाकडं न जाता थेट सरकारी दवाखाना गाठा.

सकाळी रानात

उजाडताना हरभऱ्याच्या पिकावर दव असतं आणि त्यात पानांवरची आंब उतरलेली असते. जुनी माणसं पहाटे स्वच्छ पांढरं फडकं हरभऱ्यावर अलगद फिरवतात, ओलं झालं की पिळतात आणि ते आंबट पाणी बाटलीत साठवतात, पोटदुखीला म्हणून. बघायला मिळालं तर बोट लावून चाखा, जीभ चरचरते.

हुरड्याला नऊ-दहाच्या उन्हात बसावं. कणीस निवडणं महत्त्वाचं आहे. दाणा दाबल्यावर दुधासारखा पाझरला तर कोवळा, कडक लागला तर निबर. मऊ, हिरवट आणि किंचित चिकट दाणा बरोबर. गूळभेंडी, सुरती यांसारख्या हुरड्याच्याच ज्वाऱ्या असतील तर दाणा गोड असतो आणि कणसापासून सहज सुटतो. मालदांडीचाही होतो, पण तिची कणसं अगदी वेळेत तोडावी लागतात. कणसं मालकालाच तोडू द्या. कुठली ओळ राखलेली आहे आणि कुठली बियाण्याची, हे त्याला माहीत असतं.

जमिनीत वीतभर खोल खड्डा करून त्यात गोवऱ्या पेटवायच्या, हीच आगटी. धूर पूर्ण निघून जाऊन निखारा फुलेपर्यंत धीर धरा, नाही तर हुरड्याला धुराचा वास लागतो. मग देठ बाहेर राहील अशी कणसं निखाऱ्यात आणि गरम राखेत घालून फिरवत राहायचं. काही मिनिटांत दाणा फुगतो, खरपूस वास येतो. गरम कणीस स्वच्छ पोत्यावर घेऊन दोन्ही तळव्यांत चोळायचं, दाणे गळतात, कुसं-फोलपटं फुंकून किंवा सुपात पाखडून काढायची. हे चोळणं खरं कष्टाचं, तळहात लाल होतात. पाहुण्यानं निदान दहा कणसं चोळावीत आणि पहिली मूठ म्हाताऱ्या माणसांना द्यावी. सोबत शेंगदाण्याची किंवा तिळाची चटणी, लसणाचं तिखट, गूळ, दही, बोरं. वर ताक. हुरडा पोटाला जड असतो, दुपारचं जेवण नको म्हणून आधीच सांगून ठेवा.

ढाळा भाजला तर त्याचा हावळा होतो. काळे झालेले घाटे फोडून खाताना हात-तोंड काळं होतं. तुरीच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून रात्री शेकोटीपाशी खाव्यात. खाणं झालं की आगटी पाणी टाकून विझवा. जवळच वाळलेली तूर किंवा कडबा असतो आणि ठिणगी वाऱ्यानं जाते.

येळवसीला गेलात तर

या दिवशी सगळी कुटुंबं रानात जातात आणि लातूरसारख्या शहरातले रस्तेही ओस पडतात. रानात कडब्याच्या पेंढ्यांची खोपी करतात, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडून पूजा करतात आणि पिकात आंबिल शिंपतात. हिरव्या शेंगा, भाज्या आणि बेसनाची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबिल, गव्हाची खीर असा स्वयंपाक घरातल्या बायांनी आदल्या दिवसापासून जागून केलेला असतो. भज्जीला किती शेंगा सोलाव्या लागतात ते बघायचं असेल तर आदल्या दिवशीच पोचा आणि सोलायला बसा. पुरुषांनीही बसावं.

त्या दिवशी वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात. कुणी बोलावलं तर नाही म्हणू नका, थोडं खा, आंबिल तरी प्या. पूजा होईपर्यंत खोपीजवळ चपला घालून जाऊ नका. फोटो काढायचे तर आधी विचारा. संध्याकाळी कडब्याचा पेटता हेंडगा घेऊन पिकाभोवती फिरतात. लेकरांना त्यात फार गंमत वाटते, त्यांच्या हातात मात्र तो देऊ नका.

निघायच्या वेळी

निघायची वेळ ठरवली असेल तर त्याच्या तासभर आधी सांगा, कारण त्या तासात वानोळा, म्हणजे रानातल्या जिनसांची भेट, बांधला जाणार असतो. ओटी भरायची असते, कुंकू लावायचं असतं, टॉवेल-टोपी द्यायची असते. “कशाला, राहू द्या” म्हणून ओढाताण करू नका, घ्या. त्यांच्या लेकरांच्या हातावर आपणही काही ठेवा. जाताना दोन रिकाम्या कापडी पिशव्या सोबत नेलेल्या असल्या की घरातल्यांना खताची पिशवी धुवत बसावं लागत नाही.

घरी पोचल्यावर आधी फोन करा. मग वानोळा उघडा. मेथी, हरभऱ्याची भाजी लगेच पसरून ठेवा, बांधलेली राहिली तर रात्रीत पिवळी पडते. तुरीच्या शेंगा त्याच दिवशी उकडा. हुरडा फ्रिजमध्ये ठेवा आणि एक-दोन दिवसांत संपवा, खायच्या वेळी तव्यावर थोडा परता. ज्वारी-डाळीला ऊन दाखवून डब्यात भरा. शेजाऱ्यांना वाटीभर द्या, ते कुणाच्या रानातलं आहे हे सांगून द्या. आणि मावशीचा चटणीचा डबा रिकामा परत पाठवायचा नसतो. त्यात तिळाचे लाडू, निदान पावशेर साखर घालून गावाकडं जाणाऱ्या पहिल्या माणसाबरोबर तो पोचता करा.